आज एकही लॉट अडवलेला नाही

रोहिणी कार्ते, म्हणजे आपलं रोहिणी नक्षत्र, लागली की दगडी उखळं तडकतात, असं आमच्या हैदराबादेतली तेलुगु माणसं म्हणतात. मी स्वतः पाहिलंय. नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत एका दुपारी असा आवाज झाला की कुत्री थेट विद्यानगरापर्यंत पळाली. मागाहून कळलं, शेजारणीच्या कुकरचं झाकण उडालं होतं. पण उखळही तिथंच होतं आणि त्यालाही चीर होती, म्हणून गोष्ट सांगताना मी कुकर गाळते. माझी ही जुनी सवय आहे. माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं घरचे लोक पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतात. कोणतं निम्मं, ते मात्र त्यांनाही ठाऊक नाही.

यंदाही रोहिणी लागली आहे. जिन्यात प्रत्येक मजल्यावर वेगळ्या घराच्या आवकायाचा, म्हणजे कैरीच्या लोणच्याचा, वास. तिसऱ्यावर मोहरी जास्त, दुसऱ्यावर तिखट. डोळे पुसत पुसत ऑफिसात पोचले, तर मेलमध्ये एक ओळ येऊन बसली होती: ‘नवा हंगाम उघडला. मागचा हंगाम कपाटात ठेवला.’ ही ओळ कोणी माणूस लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मीच ती एका वेब-ॲपच्या तोंडी घातली, आणि दर मे महिन्याच्या शेवटी ते न विसरता मला कळवतं. सासरी सुखात असलेल्या लेकीचं पत्र यावं तशी मी ती ओळ वाचते. वाचली की आवकायाचा झणका बाजूला सरतो आणि नाकाला ओल्या कागदाचा वास येतो. ओला जाड कागद, त्यात गुंडाळलेले दाणे, आणि दाण्यांतून नुकतंच बाहेर आलेलं काहीतरी पांढरं.

माझं काम काय, हे सांगणं अवघड आहे. मोठ्या कंपन्यांमध्ये एक सॉफ्टवेअर असतं, सगळ्यांनी मिळून काम करावं म्हणून घेतलेलं. त्यात कागद ठेवता येतात, याद्या करता येतात, अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरवता येतात, ‘मंजूर’ म्हणता येतं. कंपनी ते हौसेनं घेते आणि मग लोक त्यात सहलीचे फोटो ठेवतात. अशा सॉफ्टवेअरच्या पोटात शिरायचं आणि त्याच्याच याद्या वापरून लोकांच्या खरोखर उपयोगी पडतील अशी ॲपं बांधायची, हा माझा धंदा. भाड्याच्या घरात भिंतीला हात न लावता चाराच्या सहा खोल्या करून देणारा मिस्त्री असतो ना, तशी मी. घरमालक कधी कशाला नाही म्हणेल, त्याचा नेम नसतो.

बाबा सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झाले. मूळ घर नांदेडकडचं, शेतीचं. तिकडची बोली त्यांनी इथंही सोडली नाही. ते अजून विचारतात, “पण तू बनवायलीस काय, ते तर सांग.”

“अर्ज बनवते, बाबा.”

“अर्ज तर आम्ही बी बनवत होताव. त्याला इंजिनियर कशाला लागतंय?”

एकदा चिडून मी म्हटलं, “माझ्या एका अर्जावर तेलंगण, मराठवाडा आणि अर्धं कर्नाटक पेरणी करतं.”

“हौ,” बाबा म्हणाले, “आणि पाऊस बी तूच पाडायलीस.”

ती थाप होती, कबूल. पण तिच्या बुडाशी दाणाभर खरं होतं.

हैदराबादेत बियाण्यांच्या कंपन्या इतक्या आहेत, की मेडचलच्या रस्त्यावर दगड भिरकावला तर तो गोदामाच्या पत्र्यावर पडतो आणि आठ दिवसांत उगवतो. त्यातल्याच एका मध्यम कंपनीनं आम्हाला बोलावलं. पेरणीच्या आधी त्यांच्याकडचा प्रत्येक लॉट, म्हणजे एका ठिकाणाहून एका वेळी आलेलं बियाणं, प्रयोगशाळेतून पास होऊन बाहेर पडतो. दाणे ओल्या कागदात गुंडाळून उगवणीच्या कपाटात ठेवायचे, ठरल्या दिवशी उलगडायचे, कोंब मोजायचे. पुरेसे उगवले तर लॉट गाडीत. नाही तर अडवला.

बाहेर डांबर चपलेला चिकटत असे आणि आत त्या कपाटाचं दार उघडलं की अंगावर गार ओल येई. मी काही ना काही निमित्त काढून त्या दारापाशी उभी राहायची. चार दिवसांचे कोंब डोक्यावर बियाण्याची टोपी घालून रांगेत उभे असत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पहिलीच्या वर्गासारखे. दोघंतिघं वाकडे, एखादा झोपलेला.

या राज्याच्या राणी रुक्मिणम्मा. निवृत्तीला आलेल्या, फिकट सुती साडी, केसांत मोगरा, नजर चष्म्याच्या वरून. सगळी कंपनी त्यांना अम्मा म्हणे, मालकसुद्धा. गुंडाळी उलगडायच्या आधी नुसत्या हातावर तोलून त्या सांगत, शंभरातले किती उगवलेत. मी पडताळून पाहिलं. एकदा त्या चुकल्या. “पुन्हा मोज,” म्हणाल्या. मोजलं. मीच चुकले होते.

रोज संध्याकाळी पाचला अम्मा मोठं रजिस्टर उघडून गोदामावरच्या यादगिरीला फोन लावत आणि त्या दिवशीचे नापास लॉट मोठ्यानं वाचत. एक नंबर अम्मा म्हणत. तोच यादगिरी पलीकडून म्हणून दाखवी. मगच अम्मा त्यावर लाल खूण करत. तेवढा वेळ सगळी प्रयोगशाळा गप्प. यादगिरी ती यादी गोदामाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवी आणि सकाळी गाड्या भरताना प्रत्येक पोतं त्या भिंतीसमोरून जाई. ऐन हंगामात हे वाचन पाऊण तास चाले. मी सांगताना दीड तास सांगते.

मला तो पाऊण तास दिसला. आमच्या धंद्यातल्या माणसाला कुणाचा वेळ जाताना दिसला, की त्याचे हात शिवशिवतात.

मी ॲप बांधलं. काय बांधलं म्हणून सांगू! प्रयोगशाळेत कोंब मोजले की तिथंच आकडा भरायचा, अम्मांनी बोट टेकवलं की लॉट पास किंवा अडवलेला, आणि गोदामात यादगिरीसमोरच्या पडद्यावर अडवलेल्या लॉटांचे नंबर आपोआप लाल अक्षरांत हजर. त्या सॉफ्टवेअरकडून मी अशी कामं करून घेतली, की ज्यांनी ते बनवलं त्यांनी पाहिली असती तर मला आधी सलाम केला असता आणि मग वकिलाला फोन. एकच गोष्ट अडली. एखाद्या दिवशी अडवलेला लॉटच नसला तर? कोरा पडदा कसा दाखवायचा? कोरा पडदा म्हणजे शकुन न झालेलं घर. म्हणून मी एक हिरवी पाटी केली, तिच्यावर दोन पानांचा कोंब, आणि खाली ठसठशीत तेलुगुत: ‘आज एकही लॉट अडवलेला नाही.’

इमरानभाई आमचे टेस्टर. कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेत आणि तो हलाल करत. मला ते बाजी म्हणत, म्हणजे ताई. पाटीकडं बघत ते म्हणाले, “बाजी, पट्टी तो झकास है. मगर एक बात बोलो. लिस्ट खाली है, ये अलग. लिस्ट पढनेकूच नै आई, ये अलग. दोनों में तुम्हारा पेज क्या बोलता?”

“पढने को नै आई म्हणजे? यादी काय पळून जाणार आहे?”

“मैं बस पूछ रा.”

“इमरानभाई, तुमच्या डोक्यात शंकांचा कारखाना आहे.”

ते हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून ठेवलं.

त्याचं असं झालं होतं, की पहिल्याच बैठकीत मी छाती काढून सांगितलं होतं, वापरणाऱ्याला लाल रंगातली तांत्रिक चूक कधी, कधी म्हणजे कधीच दिसणार नाही. पुण्याहून आलेले आमचे मॅनेजर सरदेसाई सर त्या वाक्यावर इतके खूश झाले, की त्यांनी ते करारात घातलं. ते पाळायला मी दोन ओळी लिहिल्या होत्या: काही बिनसलं तर यादी रिकामी समज. बस्स. आणि यादी रिकामी म्हणजे हिरवी पाटी.

अम्मांची अट सरळ होती. “हा हंगाम बघू. चाललं तर ठेवू. नाही तर माझं रजिस्टर माझ्या टेबलावर, आणि तुम्ही तुमच्या घरी.”

“चालेल, अम्मा. पण मग ते पाचचं वाचन थांबवा ना. आता गरज नाही.”

“गरज आहे की नाही, तू ठरवणार?”

“आठ दिवस बघा तरी.”

त्यांनी ऐकलं. यादगिरीनंही भिंत पुसली. पंधरा दिवस मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते; सुलतान बाजारात सँडल घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, मॅडम, जुन्या सँडलचे तळ तर झिजलेच नाहीत.

आता त्या सॉफ्टवेअरची एक खोड सांगायला हवी. यादीत पाच हजारांहून जास्त नोंदी झाल्या आणि आधीपासून त्यांना नीट इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागं सूची असते तसला, लावलेला नसला, तर ते यादी चाळायला साफ नकार देई. मला हे माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं, सांगायला काही तोंड राहिलं असतं. मी मनाशी म्हटलं होतं, एका हंगामात कुठले पाच हजार लॉट! पण प्रयोगशाळेतल्या बायकांना ॲप इतकं आवडलं, की त्यांनी मागच्या वर्षांचे लॉटही भरायला घेतले. भरू का, म्हणून मला विचारलंसुद्धा होतं. मी म्हटलं होतं, “भरा, भरा. समुद्र आहे तो.”

इथून पुढचं मी वाढवून सांगत नाही.

सकाळचे साडेआठ झाले होते. मी प्रयोगशाळेत अम्मांसमोर कॉफी पीत बसले होते. फोन वाजला, अम्मांनी तो सवयीनं स्पीकरवर टाकला. यादगिरी होता.

“अम्मा, पानम् मंचिगुन्नदा?” म्हणजे, जीव बरा आहे ना?

“माझ्या जिवाला काय झालंय?”

“नाही, बोर्ड हिरवा आहे. ऐन हंगामात एकसुद्धा लॉट नापास नाही? म्हटलं अम्मा आजारी पडल्या, आणि कुणीतरी नवीन बसवून सगळेच पास केले.”

अम्मांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः सात लॉट अडवले होते. मी बघत होते.

“गाड्या कुठं आहेत?”

“एक भरली. दुसरी अर्धी. पहिलीचा ड्रायव्हर चहा पितोय.”

“त्याला आणखी एक पाज,” अम्मा म्हणाल्या. “आणि गाडी खाली कर.”

भरलेल्या गाडीत सातांतल्या दोन लॉटांची पोती निघाली. कापूस. शंभरातले निम्मेही न उगवणारे दाणे. बीमधून कोंब वर यायला किती दिवस लागतात, हे आमच्या घरात अजून सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस रोज सकाळी ओळीत उकिडवा बसून बोटानं माती उकरून बघतो. आज नाही, उद्या येईल. उद्या नाही, परवा. तोवर ओल निघून जाते. तसली सकाळ किती शिवारांत उगवली असती, ते मी मोजलं नाही. एरवी मी मोजण्यात पटाईत आहे.

मी मशीन उघडलं. माझं पान हिरवं, प्रसन्न, दोन पानांचा कोंब डुलतोय. त्याला बाजूला सारून यादीलाच थेट विचारलं, तर सॉफ्टवेअरनं रोखठोक सांगितलं: नोंदी मर्यादेबाहेर, वाचता येत नाही. आदल्या संध्याकाळपासून ते तेच सांगत होतं. माझ्या दोन ओळींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता आणि वरून हसू चिकटवलं होतं.

अकराला बैठक ठरली. सरदेसाई सर आले. प्रयोगशाळेबाहेरच्या वऱ्हांड्यात त्यांनी मला थांबवलं. “हे बघ मंजिरी, आपण याला सॉफ्टवेअरची मर्यादा म्हणूया. हे काही खोटं नाहीये. त्यांच्या कागदपत्रांत छापलेलं आहे.”

“आहे छापलेलं.”

“मग झालं तर! ॲप राहतं, तुझं नावही राहतं. पुढच्या वेळी काळजी घेऊ.”

आता मी काही हरिश्चंद्राच्या घराण्यातली नाही. जन्मभर थापा मारत आले, आणि त्या मला आवडतात. पण थापेचा एक धर्म असतो. ऐकणाऱ्याला डोळा मारून ती मारायची. त्याला कळलं पाहिजे, की बाई रंगात आली आहे. माझ्या हिरव्या पाटीनं यादगिरीला डोळा मारला नव्हता. त्यानं तिच्यावर विश्वास ठेवून गाडी भरायला घेतली होती.

बैठकीत अम्मांनी एवढंच विचारलं, “चूक कुणाची?”

“माझी, अम्मा. सॉफ्टवेअर सांगत होतं, वाचता येत नाही. मी त्याला सांगून ठेवलं होतं, वाचता आलं नाही तर काही नाही असं म्हण.”

सरदेसाई सर पंख्याकडं बघू लागले. इमरानभाई मागं भिंतीशी उभे होते, वही हातात. त्या वहीत त्यांचा प्रश्न होता, बहुतेक तारखेसकट. त्यांनी ती उघडली नाही. उलट अंगठा घालून घट्ट मिटून धरली होती, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. आजतागायत आम्ही त्यावर बोललो नाही. फक्त तेव्हापासून ते “मैं बस पूछ रा” म्हणाले, की मी हातातलं काम ठेवते आणि खुर्ची त्यांच्याकडं वळवते.

“दोन दिवस,” अम्मा म्हणाल्या. “तोवर मी वाचणार.”

त्या दोन संध्याकाळी मी कोपऱ्यात बसून काम करता करता ते वाचन ऐकलं. पहिल्यांदाच नीट ऐकलं. अम्मा नंबर म्हणत, यादगिरी परत म्हणे, आणि मधल्या क्षणभरात दोन माणसं एकमेकांना पडताळून घेत. एके ठिकाणी यादगिरी अडखळला. अम्मांनी न रागावता पुन्हा सांगितला. ज्याला मी पाऊण तासाची गळती समजले होते, ते हे होतं. आज अम्मा निवृत्त आहेत, त्यांच्या खुर्चीत त्यांच्याच हाताखाली शिकलेली बाई बसते, रजिस्टर गेलं. पण पाच वाजता पडद्यावरची यादी फोनवर मोठ्यानं वाचतात, अजून. नव्या ॲपमध्ये त्यासाठी मी एक बटण दिलंय: पलीकडून नंबर परत आला की ते दाबायचं. इतकी बटणं बनवली आयुष्यात, पण या बटणाबद्दल मी लग्नकार्यात अनोळखी लोकांना धरून सांगते.

त्या दोन दिवसांत यादी हंगामवार वेगळी केली, इंडेक्स लावले, जुनं सगळं कपाटात. हा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे त्या दोन ओळी पुसणं. त्यांच्या जागी आलं ते असं: यादी वाचता आली नाही, कारण काहीही असो, तर पूर्ण पडदा लालभडक आणि त्यावर वीतभर अक्षरांत तेलुगुत: ‘मला यादी वाचता येत नाही. गाडी सोडू नका. अम्मांना फोन करा.’

सरदेसाई सरांनी डोळे किलकिले केले. “इतकं लाल? आणि करारातलं ते वाक्य?”

“वाक्य काढू या, सर.”

तिसऱ्या दिवशी मी सगळं सजवून अम्मांना दाखवायला बसले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. “ए पिल्ला,” म्हणजे पोरी, “चालताना दाखवू नको. चालताना सगळेच बरे दिसतात. बंद पडताना दाखव.” आणि उठून गोदामाकडं निघाल्या. मागोमाग आम्ही सगळे, डोक्यावर रोहिणीचं ऊन.

गोदामात एक गाडी भरली जात होती. अम्मा सरळ भिंतीवरच्या नेटवर्कच्या डबीपाशी गेल्या आणि तिची वायर स्वतःच्या हातानं उपटली. पडदा क्षणभर गप्प. त्या क्षणात माझे चार केस पांढरे झाले. अजून आहेत, दाखवू शकते. मग सगळं गोदाम तांबडं झालं. यादगिरीनं वाचलं, आणि आपल्याला तपासतायत की ॲपला, हे विसरून हमालांवर ओरडला, “आगु! आगु!” पाठीवर पोती घेतलेली माणसं होती तिथंच थांबली.

अम्मांचं समाधान झालं नाही. वायर लावली. इमरानभाईंना सांगून यादीचं कुलूप बदलायला लावलं, म्हणजे ॲपला आत जायची परवानगीच राहू नये. पुन्हा तांबडं. मग एका नकली यादीत दहा हजार नोंदी ओतायला लावल्या. या वेळी पडदा शांत राहिला आणि त्यानं अडवलेले तेवढेच नंबर दाखवले. शेवटी खरी यादी. अम्मा एकेक नंबर म्हणाल्या, यादगिरीनं पडद्यावर बोट ठेवत एकेक परत म्हटला. हमाल पोती टेकवून बघत होते.

सरदेसाई सरांनी स्वीकृतीचा कागद पुढं केला. त्यात तीन चौकोन होते: उत्तम, ठीक, असमाधानकारक. अम्मांनी तिन्ही कोरे सोडले. खालच्या शेऱ्याच्या जागेत तेलुगुत दोनच शब्द लिहिले, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

मी तेलुगु बोलते फाडफाड, वाचते मात्र अक्षराखाली बोट धरून. सरांना धीर निघेना. “काय लिहिलंय? पास की नापास?”

“अबद्धं चेप्पदु,” मी वाचलं. “खोटं बोलत नाही.”

“ते ठीक आहे गं, पण हे कोणत्या चौकोनात बसतं?”

“याचा चौकोन अजून कुणी छापलेला नाही, सर,” मी म्हटलं. कागद दोन्ही हातांनी धरला होता, एका हाताला तो पेलला नसता. तिकडं अम्मा पदरानं मान पुसत यादगिरीला म्हणत होत्या, “आता भर गाडी.”